आयईपीमधलं ‘वाचनात सुधारणा’ हे ध्येय मोजायचं कसं?

चौथीतल्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, शाळेने आयईपी (त्या मुलापुरता आखलेला वैयक्तिक शिक्षण आराखडा) दिला आहे, पण त्यात ध्येय ‘वाचनात सुधारणा करणे’ आणि सेवा ‘विशेष शिक्षकांची मदत’ एवढंच लिहिलंय; सही करावी का, असं तुमचं विचारणं आहे. या रूपात करू नका. भांडायचीही गरज नाही, दोन्ही ओळी नीट लिहून मागा.

आधी ध्येय. ‘सुधारणा’ झाली की नाही यावर वर्षअखेरीस शिक्षक हो म्हणतील, तुम्ही नाही म्हणाल आणि खोटं कोणीच ठरणार नाही. म्हणून आज मूल नेमकं कुठे आहे याचा आकडा हवा. तो काढणं सोपं आहे. मूल सध्या ज्या पातळीवर शिकतंय त्या पातळीचे, पूर्वी न वाचलेले 3 उतारे घ्या. प्रत्येक उतारा 1 मिनिट मोठ्याने वाचून घ्यायचा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. समजा 18, 24 आणि 21 आले, तर मधला आकडा धरायचा, 21. सरासरी काढू नका. एखादा उतारा नेमका आवडत्या विषयाचा निघाला तर ती फुगते. मिनेसोटा विद्यापीठात स्टॅन्ली डेनो आणि सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात या पद्धतीवर काम सुरू केलं. ती टिकली याचं कारण साधं आहे: मिनिटभराचं काम असल्याने दर आठवड्याला करता येतं.

मोजण्याचे नियम मात्र सगळ्यांचे एकच हवेत, नाहीतर आई मोजते तेव्हा 30 आणि बाई मोजतात तेव्हा 22. मूल एका शब्दावर 3 सेकंद अडलं की शब्द सांगून टाका आणि चूक धरा. गाळलेला किंवा बदललेला शब्द चूक. स्वतःहून 3 सेकंदांच्या आत दुरुस्त केला तर बरोबर. पुन्हा वाचलेला शब्द चूक नाही, फक्त वेळ जातो.

मराठीत आणखी काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्या लागतात. घरात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाने ‘पाणी’ला ‘पानी’ वाचलं तर ती बोली आहे, वाचनदोष नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक मोठ्यांच्याही उच्चारात अनेकदा ऐकू येत नाही, तो सोडून द्या. पण ‘क्रम’चं ‘कर्म’, ‘पुस्तक’चं ‘पुसतक’, ‘घर’चं ‘धर’ हे चूक धरा आणि शेजारी लिहून ठेवा. आकड्यापेक्षाही ही यादी जास्त सांगते. सगळ्या चुका रफार आणि जोडाक्षरांवर असतील तर पुन्हा बाराखडी घोटून उपयोग नाही, आणि चुका घ-ध, भ-म वर असतील तर नुसत्या वेगाच्या सरावाने काही हलणार नाही.

इंटरनेटवरचे इंग्रजी वाचनवेगाचे तक्ते वापरू नका. ‘शाळेतल्यासारखं’ हा आपल्याकडे एकच शब्द होतो, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात, म्हणून मिनिटाला किती शब्द याची तुलनाच होत नाही. त्यापेक्षा त्याच वर्गातल्या काही मुलांकडून तेच उतारे वाचून घ्यायला सांगा, मधलं मूल किती वाचतं ते कळेल. ते 60 असेल तर एका सत्रात 21 वरून 60 लिहिणं म्हणजे कागदावरचा उत्साह. आठवड्याला दीड शब्द धरून 16 आठवड्यांत 24 वाढतात. मग ध्येय असं होतं: ‘16 आठवड्यांच्या शेवटी, त्याच पातळीचा न वाचलेला उतारा दिल्यावर मिनिटाला 45 शब्द बरोबर वाचेल, चुका 3 पेक्षा जास्त नाहीत.’

आता आलेखाच्या कागदावर 21 ते 45 अशी सरळ रेघ मारा आणि दर आठवड्याचा आकडा टिंबाने मांडा. ओळीने 4 टिंबं रेघेखाली पडली की शिकवण्यात बदल करायचा. सत्र संपायची वाट बघायची नाही. चारही वर असतील तर ध्येयच वाढवा. एका वाईट आठवड्याने घाबरू नका, मूल सर्दीतही कमी वाचतं. बदलण्याआधी एक तपासा: ठरलेले तास खरंच झाले का? बरेचदा पद्धत ठीक असते, पण स्नेहसंमेलन आणि परीक्षांत निम्मे तास वाहून गेलेले असतात.

म्हणूनच सेवेची ओळ महत्त्वाची. ‘मदत’ नको, ‘आठवड्यातून 4 वेळा, 30 मिनिटं, 3 मुलांच्या गटात, विशेष शिक्षकांकडून, रिसोर्स रूममध्ये (विशेष शिक्षक शिकवतात त्या वेगळ्या खोलीत)’ असं हवं. कोणत्या तासाला बाहेर काढणार हेही लिहून घ्या. नेहमी खेळाचा किंवा चित्रकलेचा तास गेला तर मूल रिसोर्स रूमचाच राग करायला लागतं, आणि गणिताचा गेला तर सहा महिन्यांनी गणिताचीही आयईपी लागते.

सवलती वेगळ्या लिहा. जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारा, मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा लेखनिक यांत प्रश्न तोच राहतो, फक्त वाट बदलते. धडा कमी करणं किंवा सोपा प्रश्न देणं ही वेगळी गोष्ट. त्याने पुढच्या इयत्तेवर परिणाम होतो, म्हणून ते तुम्हाला विचारल्याशिवाय होऊ नये. आणि वाचनवेग मोजताना वाचून दाखवायची सवलत अर्थातच नाही, तेच तर मोजायचं आहे. विज्ञानाच्या पेपरात मात्र ती जरूर द्या.

लेखनिक थेट परीक्षेत देऊ नका. तोंडी उत्तर सांगताना मुलं अर्ध्यात थांबतात, कुठून सुरुवात केली ते विसरतात, लेखनिक पुढे गेला की गोंधळतात. घटक चाचण्यांपासून सराव ठेवा: आधी दोन-तीन मुद्दे बोटांवर मोजायचे, मग एकेक वाक्य सांगायचं, लेखनिकाने ते परत वाचून दाखवायचं, मगच पुढचं. जादा वेळाचंही तसंच. सलग तीन तास बसवण्यापेक्षा मध्ये 5 मिनिटं उठू देणं आयईपीत लिहून घ्या, नाहीतर शेवटचे प्रश्न दमल्यामुळे कोरे राहतात.