जुन्या 486ची हार्ड डिस्क गेली, कार्ड बसवता येईल?

प्रश्न : नारायण पेठेतल्या आमच्या छापखान्यात एक 486 (जुना पीसी) आहे. डॉस 6.22, विंडोज 3.1 आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये जुळवलेली मराठी पुस्तकं त्यावर आहेत. 420 एमबीची हार्ड डिस्क कधी फिरते, कधी नुसती टकटकते. तिच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड चालेल का?

उत्तर : चालेल. हे कार्ड आयडीईची, म्हणजे तुमची हार्ड डिस्क ज्या पद्धतीने जोडलेली आहे तिची, भाषा मुळातच बोलतं. 40 पिनांचा अ‍ॅडॉप्टर फक्त जोडणी करून देतो. पण डिस्क फिरते आहे का हे बघायला मशीन पुन्हापुन्हा चालू करू नका. तिच्यात शिल्लक असलेली फिरकी पुस्तकं काढून घेण्यासाठी राखून ठेवा. बायॉसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) सेटअपमध्ये लिहिलेले तिचे सिलिंडर, हेड, सेक्टरचे, म्हणजे तिच्या मापाचे, आकडे आधी कागदावर उतरवा आणि तिची केबल काढून ठेवा.

कार्ड 512 एमबीचंच घ्या, शक्यतो औद्योगिक दर्जाचं. त्या काळच्या बहुतेक बायॉसना 1024 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर, म्हणजे 52,84,82,304 बाइटपलीकडचं दिसत नाही. अ‍ॅडॉप्टरचा जंपर 5 व्होल्ट आणि मास्टरवर (केबलवरची पहिली डिस्क) ठेवा. केबलची लाल कड 1 नंबरच्या पिनेकडे. वीज फ्लॉपीच्या छोट्या कनेक्टरमधून मिळते. ती वायर नसेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी करा.

आता बहुतेकांची गाडी अडते ती जागा. कार्ड नव्या लॅपटॉपवर फॉरमॅट करू नका. तिथे हेडची संख्या सहसा 255 धरली जाते, तीच बूट सेक्टरमध्ये (मशीन सुरू होताना वाचला जाणारा भाग) लिहिली जाते. 486 मोजतो 16. मग कार्ड दिसतं, पण मशीन बूट होत नाही. म्हणून फॉरमॅट त्याच मशीनवर करा: बायॉसमध्ये ऑटो डिटेक्ट, डॉसच्या फ्लॉपीवरून बूट, डिस्कचे भाग पाडणाऱ्या एफडिस्कने प्रायमरी पार्टिशन करून ते अ‍ॅक्टिव्ह, पुन्हा बूट, मग ‘फॉरमॅट सी: /एस’. कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर ‘एफडिस्क /एमबीआर’ चालवा. कॅमेऱ्यासाठी विकलेल्या कार्डांत बूटचा कोड बहुधा नसतो.

कार्डावरून डॉस सुरू झालं की मशीन बंद करून जुनी डिस्क स्लेव्ह (दुसरी डिस्क) म्हणून जोडा आणि कागदावरचे तिचे आकडे सेटअपमध्ये भरा. आधी पुस्तकांचे आणि फॉन्टचे फोल्डर डॉसच्या एक्सकॉपी आज्ञेने घ्या, बाकीचं नंतर. फॉन्ट राहिले तर युनिकोडपूर्वीचा तो मजकूर नुसती अगम्य चिन्हं दाखवेल. एक्सकॉपी लपलेल्या फायली घेत नाही, त्यामुळे विंडोजची कायमची स्वॅप फाइल (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरायची जागा) मागे राहते आणि विंडोज ती खराब असल्याची तक्रार करतं. कंट्रोल पॅनलमधल्या ‘386 एन्हान्स्ड’मध्ये व्हर्च्युअल मेमरी ‘नन’ करा. कार्डावरचं लिखाणही कमी होतं. मात्र रॅम 4 एमबीच असेल तर छोटी स्वॅप ठेवावी लागेल.

मदरबोर्डवर पिंपाच्या आकाराची निळी बॅटरी असेल तर तीही याच वेळी काढा. ती गळली की तांब्याच्या रेघा खाते.

प्रश्न : मॅकिंटॉश क्लासिकमध्ये हेच कार्ड बसेल का?

उत्तर : नाही, तिथे आयडीई नाही, 50 पिनांची स्कझी ही वेगळी जोडणी आहे. ब्लूस्कझी किंवा झुलूस्कझी हा बोर्ड घ्या. एसडी कार्डावरची इमेज फाइल तो डिस्क म्हणून दाखवतो. आयडी (स्कझीवरचा डिस्कचा क्रमांक) 0 ते 6 मधला द्या, 7 मॅकचा स्वतःचा असतो. आत एकच डिस्क असेल तर बोर्डावरचं टर्मिनेशन (केबलच्या टोकाला लागणारी अखेरची जोडणी) चालू ठेवा.