बारावी कॉमर्सनंतर बीबीए मार्केटिंग घ्यावं का? की घरचे म्हणतात तसं बी.कॉम.च बरं?

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. "मामा म्हणतात, माल विकायला डिग्री कशाला लागते?" हेच वाक्य मी आमच्या मोठ्या काकांच्या तोंडून माझ्या प्रवेशाच्या दिवसापासून ऐकत आले आहे. बारावीतल्या मुलीला अहोजाहो करत नाही, राग मानू नकोस.

तू तीन गोष्टी विचारल्यास: बीबीएत, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीत, शिकवतात काय, बी.कॉम.पेक्षा बरं का, आणि एमबीए न करता नोकरी लागते का. पहिलीवर जास्त लिहिणार आहे, कारण मामांना द्यायचं उत्तर तिच्यातच आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, काकांचं तिथे किराणा दुकान. मी पुण्यात बीबीए करत होते. दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली की उन्हाळ्यात प्रोजेक्ट करायचा असतो. बरीच मुलं ओळखीतून एखाद्या कंपनीचं सर्टिफिकेट आणतात आणि सीनियरचा रिपोर्ट उतरवून काढतात. आमच्या गाइड मॅडम तसं चालवून घेत नसत. त्यांनी मला एका मसाला कंपनीकडे पाठवलं. कंपनीची अडचण एवढीच होती, की कांदा-लसूण मसाल्याचं मोठं पाकीट शहरात चांगलं जातं, पण खेड्यासाठी मुद्दाम काढलेलं 50 ग्रॅमचं पाकीट दुकानात पडून राहतं.

आता छोटं पाकीट खेड्यात खपणार हे कंपनीने धरून का चाललं होतं? कारण मार्केटिंग शिकलेल्या प्रत्येकाने शाम्पूच्या पुडीची गोष्ट ऐकलेली असते. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला, त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये स्वतःचा धंदा सुरू करून चिक शाम्पूची पुडी खेडोपाडी पोचवली. गोष्ट खरी आहे. पण तिचा अर्थ लोक 'छोटं म्हणजे खेड्यात खपणारच' एवढाच लावतात.

मी डिस्ट्रिब्युटरच्या टेम्पोतून सेल्समनबरोबर लाइनवर, म्हणजे गावोगावच्या दुकानांच्या फेरीवर, जायला लागले. सेल्समनचं ठाम मत होतं, "बायकांना परवडत नाही, रेट कमी करा." दुकानदारही तेच म्हणत. मार्केटिंग रिसर्चच्या तासाला मॅडमनी एक गोष्ट आमच्याकडून घोटून घेतली होती: "महाग वाटतं का?" असं कुणालाच विचारायचं नाही. या प्रश्नाला "हो"च येतं, साखरेबद्दल विचारा नाहीतर सोन्याबद्दल. विचारायचं ते घडलेल्या गोष्टीबद्दल. म्हणून मी बायकांना विचारायचे, "मागचं पाकीट कधी आणलं होतं? त्या दिवशी घरात काय शिजत होतं?"

उत्तरं ऐकून चित्र पालटलं. आमच्याकडे मार्च ते मे वर्षाची चटणी, म्हणजे घरचा तिखट मसाला, होते. मिरच्या वाळवायच्या, देठं खुडायची, मसाला भाजायचा आणि डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, जाऊन कुटून आणायची. मी फिरत होते तेव्हा डंकांवर रांगा होत्या. जिच्या घरात बरणीभर चटणी आहे, ती पाकीट घेईलच कशाला? ते फुकट दिलं तरी तिने रोजच्या कालवणात घातलं नसतं. पाकीट यायचं ते अचानक पाहुणे आले आणि मटण करायचं ठरलं तर, किंवा दिवाळीच्या सुमाराला बरणीचा तळ दिसायला लागला तर. भावाचा तिथे काहीच संबंध नव्हता.

मग कुंडलच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानदाराने वही उघडून दाखवली. त्याच्याकडे तेच छोटं पाकीट नोव्हेंबर ते मार्च भरपूर गेलेलं होतं आणि एप्रिलनंतर जवळजवळ बंद. गळीत हंगाम, म्हणजे ऊस गाळायचे महिने! ऊसतोडीला आलेली कुटुंबं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात, हातात येईल तसा बाजार करतात, त्यांच्याजवळ वर्षाची बरणी नसते. वाळव्याच्या कारखान्याजवळही तेच दिसलं. कंपनी तालुक्याची वर्षाची एकूण विक्रीच तेवढी बघत होती, त्यामुळे तिला हे दिसलंच नव्हतं.

कंपनीत प्रेझेंटेशन दिलं तेव्हा सेल्स मॅनेजरने नमुना किती, गावं कशी निवडली, सगळं खोदून विचारलं. मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं, कारण ते वर्गात शिकले होते. पुढच्या हंगामात त्यांनी कारखान्यांजवळच्या दुकानांना छोट्या पाकिटांच्या लडी द्यायला सुरुवात केली. मला त्याचा आजही अभिमान आहे.

काका म्हणाले, "हे मला विचारलं असतंस तर पाच मिनिटांत सांगितलं असतं. त्यासाठी कॉलेज कशाला?" काकांना माहीत होतंच, याबद्दल मला शंका नाही. पण इतकी वर्षं कंपनीचा माणूस त्यांच्या दुकानात दर आठवड्याला येत होता. त्याने विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. माहिती गल्ल्यावर होती, निर्णय पुण्याच्या ऑफिसात होत होता, आणि मधलं अंतर तोडायला कुणीच नव्हतं. नीट विचारायचं, लिहून काढायचं, पडताळायचं आणि निर्णय घेणाऱ्यासमोर ठेवायचं, हे काम शिकावं लागतं. तुझ्या मामांना हे सांग. विक्री म्हणजे तयार माल गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणं, असं ते धरून चालले आहेत. कुठला माल, कुणासाठी, केवढ्या पाकिटात, कुठल्या महिन्यात, हे सगळं त्याच्या आधी ठरतं.

काकांना मी एकदा मार्जिनचंही विचारलं होतं. 8 रुपयांना घेऊन 10 ला विकलं तर फायदा खरेदीवर 25 टक्के, विक्रीवर 20 टक्के. कंपनी कुठला आकडा सांगते आणि दुकानदार कुठला ऐकतो, यावरून वर्षानुवर्षं भांडणं होतात. दहावर एक फुकट ही स्कीमही 10 टक्क्यांची नसते, साधारण 9 टक्क्यांची असते, कारण अकरातलं एक फुकट असतं. हे पहिल्या वर्षाचं गणित आहे. त्यावर काका काही बोलले नाहीत.

बाकी अभ्यासक्रम म्हणजे अकाउंट्स, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यवसायाचे कायदे, आणि पुढे ग्राहक वर्तन, जाहिरात, वितरण, रिसर्च. मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी 1960 मध्ये मांडलेले चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन) तुला तीन वर्षं भेटत राहतील. पाठ करून उपयोग नाही. संख्याशास्त्र मात्र मन लावून कर, मार्केटिंग घेणारी मुलं नेमकी तिथेच पळ काढतात.

बी.कॉम. की बीबीए? मार्केटिंगच करायचं पक्कं असेल तर बीबीए. पण खासगी विद्यापीठाची लाखांतली फी भरायला कर्ज काढावं लागत असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. काचेच्या इमारतीत तेच चार पी शिकवतात.

नोकरी लागते, पण सुरुवात सेल्सपासून होते. 'मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह' लिहिलेल्या बहुतेक जाहिराती सेल्सच्याच असतात. मी आधी काही वर्षं फिरतीची नोकरी केली, मग एमबीए केलं. मला हाच क्रम बरोबर वाटतो, कारण एमबीएच्या वर्गात बाजार पाहिलेली मुलं लगेच ओळखू येतात. ब्रँडच्या कामात वर जायचं असेल तर एमबीए लागतंच, हे काकांशी भांडतानाही मी कबूल करते.

दोन गोष्टी लक्षात ठेव. 2024-25 पासून बीबीए एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या, कक्षेत आलं आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी राज्याच्या सीईटी सेलची प्रवेश परीक्षा असते. बारावीचा निकाल लागेपर्यंत थांबलीस तर फॉर्मची मुदत निघून जाईल. काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नाव बदलून 'बी.कॉम.' जोडून तेच चालू ठेवलं आहे, तिथे डिग्रीवर नेमकं काय छापून येणार ते लेखी विचार. आणि सीएचा विचार मनात थोडासा जरी असेल तर घरच्यांचं ऐक, बी.कॉम.च कर, वेळ मोकळा मिळतो.

कॉलेज निवडताना प्लेसमेंटचे बोर्ड वाचू नकोस. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, प्रोजेक्टला कुठे गेला होतात, कुणाशी बोललात. गावाचं, दुकानाचं नाव सांगता आलं तर तिथे प्रवेश घे.