ड्रेसाज कधी ‘येतं’, आणि तोवर घरच्यांनी काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की चौतिसाव्या वर्षी ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली अचूक करून घेण्याचा घोडेस्वारीचा प्रकार, शिकायला लागलात, शनिवार-रविवार नवरा आणि सासूबाई मुलाला सांभाळतात, आणि एवढं होऊनही तुमचे सर म्हणतात की सिटिंग ट्रॉटमध्ये (घोडा दुडक्या चालीत असताना खोगिरातून न उठता बसून राहण्यात) मांड पक्की नाही, पुढच्या लेव्हलची टेस्ट इतक्यात नको. हे कधी संपणार आणि तोवर घरच्यांचा वेळ किती घ्यायचा, हा तुमचा खरा प्रश्न आहे.

पहिल्याचं उत्तर सरळ देते: संपत नाही. मी कॉलेजात एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी स्क्वॉड्रनमध्ये, म्हणजे घोड्यांच्या तुकडीत, घोड्यावर बसले. आज घरात नातवंडं आहेत, आणि या आठवड्यातही माझा अर्धा धडा सिटिंग ट्रॉटवरच गेला. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, कारण सिटिंग ट्रॉट ही ओलांडून मागे टाकायची पायरी नाही. ट्रॉटमध्ये घोड्याचे तिरके पाय जोडीने पडतात, म्हणजे चारही पायांच्या प्रत्येक पूर्ण फेरीत त्याची पाठ दोनदा वर येते. ती हालचाल तुमच्या कमरेने आणि ओटीपोटाने झेलली, तर घोडा पाठ सैल सोडतो आणि मागचे पाय पोटाखाली आणतो. तुम्ही कंबर ताठ धरली की तो पाठ खाली दाबतो, मान वर करतो, आणि मग हातांनी कितीही खटाटोप केला तरी उपयोग नाही. ड्रेसाजमधले इशारे आणि हालचाली, म्हणजे हाफ-हॉल्ट, शोल्डर-इन, फ्लाइंग चेंज, अगदी वरच्या पातळीवरचे पियाफ आणि पसाज, सगळं याच बैठकीतून घोड्यापर्यंत पोहोचतं.

आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. तुम्ही सुधारलात की घोडाही सुधारतो. त्याची पाठ मोकळी झाली की ट्रॉट मोठा, उसळता होतो आणि कालपर्यंत पुरणारी मांड आज अपुरी पडते. ‘मी मागे गेले’ असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा घोडा पुढे गेलेला असतो. तुमच्या सरांना नेमकं हेच विचारा: घोड्याची पाठ पूर्वीपेक्षा जास्त हलतेय का? हो म्हणाले तर निश्चिंत राहा.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या विद्यार्थ्याला दीर्घकाळ लंजवर (शिक्षकाच्या हातातल्या लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोड्यावर), रिकिबीशिवाय आणि लगामाशिवाय बसवतात. घोड्यालाही वेळ लागतोच. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ग्रां प्रीत, म्हणजे ड्रेसाजच्या सर्वोच्च पातळीवर, उतरायला त्याचं वय निदान 8 वर्षं असावं लागतं. माणसाने आठवड्यातून दोन दिवस बसून काही महिन्यांत तयार व्हावं, ही अपेक्षा कुणी घातली तुमच्या डोक्यात?

आता घरच्यांचं. यावर लिहायचं म्हटलं की मला लिस हार्टेल आठवते.

लिस डेन्मार्कची, जन्म 1921. 1943 आणि 1944 मध्ये ती देशाची ड्रेसाज विजेती होती. 1944 च्या सप्टेंबरात, 23 वर्षांची आणि गरोदर असताना तिला पोलिओ झाला. बाळ सुखरूप जन्मलं. लिसच्या बऱ्याच स्नायूंमध्ये हळूहळू जीव आला, पण गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले. डॉक्टरांचा सल्ला होता की घोड्यावर बसू नका. आई आणि नवरा मात्र तिच्या बाजूने उभे राहिले. नुसतं ‘जा, आमचा पाठिंबा आहे’ म्हणून नाही. पुन्हा हलायला, पुन्हा तोल सांभाळायला शिकण्याच्या त्या कष्टांत ती दोघं तिच्यासोबत होती. घोड्यावर चढायला आणि उतरायला तिला शेवटपर्यंत मदत लागत असे.

ड्रेसाजमध्ये टाच आणि पोटरी हे बोलण्याचं मुख्य साधन. तेच गेलं होतं. मग लिस आणि ज्युबिली नावाची तिची घोडी, दोघींनी नवी भाषा बसवली: पाठीचा दाब, वजनाची सरकवण, कमरेची हालचाल. 1947 मध्ये स्कँडिनेव्हियन स्पर्धेत ती दुसरी आली. ऑलिंपिकची दारं मात्र बंद होती, कारण तोवर तिथे फक्त लष्करी अधिकारी उतरू शकत. हा नियम किती कडक होता पाहा: 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं, पण त्यांचा एक स्वार खरा अधिकारी नसून सार्जंट होता हे उघड झालं आणि पुढच्या वर्षी पदक काढून घेतलं. 1952 मध्ये हेलसिंकीत ड्रेसाज सर्वांना खुलं झालं. उतरलेल्या चार महिलांपैकी लिस एक होती. तिला रौप्य मिळालं, आणि सुवर्णविजेत्या हेन्री सेंट सिरने तिला हात देऊन पोडियमवर आणलं. 1956 मध्ये स्टॉकहोमला पुन्हा रौप्य.

मला यातलं पदक सगळ्यात मोठं वाटत नाही. 1944 ते 1952 ही मधली वर्षं मोठी वाटतात. विजेतेपद मिळवून झालेल्या बाईने पुन्हा पहिल्या धड्याला बसायचं, आणि घरच्या दोन माणसांनी तिला तिथे बसू द्यायचं. तुमच्या नवऱ्याला आणि सासूबाईंना ही गोष्ट जरूर सांगा.

जपानचे हिरोशी होकेत्सु 1964 च्या टोकियो ऑलिंपिकला शो जंपिंगमध्ये उतरले होते. मग नोकरी, संसार. निवृत्तीनंतर ते ड्रेसाजसाठी जर्मनीत आखेनला जाऊन राहिले, पत्नी जपानमध्ये राहिली. 2012 मध्ये, वयाच्या 71 व्या वर्षी ते व्हिस्पर नावाच्या घोडीवर लंडन ऑलिंपिकमध्ये दिसले. आपण अजून सुधारतोय असं वाटतं म्हणून थांबता येत नाही, असं ते सांगत. मला ते अगदी पटतं.

आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. हांगझोऊच्या आशियाई खेळांत 26 सप्टेंबर 2023 रोजी अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदिप्ती हजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला 1982 नंतर मिळालेलं ते पहिलं सुवर्ण. हृदय मुंबईचा. चौघंही घर सोडून युरोपात राहून शिकत होती. अनुष तर त्याआधी कोलकात्याहून शनिवार-रविवार दिल्लीला सरावाला जायचा. मुलाला इतक्या लांब, इतक्या खर्चात आणि हाती काय लागेल याची खात्री नसताना पाठवणाऱ्या आईबापांचं धैर्य मला कमी वाटत नाही. पण एवढ्या पैशाचं पाठबळ सगळ्यांकडे नसतं, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही.

माझ्या घरी पैसा बेताचाच होता. वडिलांनी कधी घोड्याला हात लावला नव्हता. त्यांनी माझ्याकडून अरीनाची, म्हणजे ड्रेसाजच्या मैदानाची, मापं विचारून घेतली, 20 बाय 60 मीटर, आणि गच्चीवर खडूने छोटा अरीना आखला. त्याच्या कडेला खुणेची अक्षरं: ए, के, व्ही, ई, एस, एच, सी, मग दुसऱ्या बाजूने एम, आर, बी, पी, एफ, आणि मधोमध एक्स. संध्याकाळी मी टेस्ट पायी चालायची आणि ते कागद धरून वाचायचे: ‘एक्सला थांब, सलाम.’ लग्नानंतर तो कागद नवऱ्याच्या हातात गेला. खालच्या लेव्हलच्या बऱ्याच टेस्टमध्ये बाहेरून कुणी मोठ्याने वाचलेलं चालतं, त्यामुळे स्पर्धेलाही तोच माझा कॉलर असायचा. सासूबाई पहिल्यांदा तबेल्यावर आल्या त्या मी पडेन या भीतीने. मग त्या घोड्याचे कान आणि श्वास बघायला लागल्या. घोडा लांब फुरफुरला की धडा बरा चाललाय, हे त्यांचं त्यांनीच ताडलं होतं, आणि ते बरोबर होतं.

म्हणून माझा सल्ला असा की घरच्यांना नुसतं मूल सांभाळायला मागे ठेवू नका, महिन्यातून एकदा तरी सगळ्यांना घेऊन जा. नवऱ्याला ए अक्षरामागे मोबाइल घेऊन उभं करा, म्हणजे मधल्या रेषेवरून घोडा सरळ जातोय की एका बाजूला झुकतोय ते त्यालाही दिसेल. काय बघायचं हे कळलं की ‘अजून तेच चाललंय का?’ हा प्रश्न घरातून आपोआप कमी होतो. मुलाला मोतद्दारासोबत घोड्याला खरारा करू द्या, अर्थात घोडा शांत असेल तरच.

पैशाचं बोलणं मात्र आत्ताच मोकळेपणाने करून घ्या. महिन्याला किती, हे दोघांनी मिळून ठरवा आणि त्यापलीकडे जाऊ नका. घोडा विकत घ्यायचा विचार सध्या नकोच. चारा, नाल, डॉक्टर, मोतद्दार हे खर्च घोडा लंगडत असतानाही थांबत नाहीत. क्लबच्या शिकलेल्या, वयस्क घोड्यावर शिका. मांड असे घोडेच शिकवतात.

शेवटचं, सरावाबद्दल. शनिवार-रविवारचे लांब तास जमले तर थोडे कमी करा आणि त्याऐवजी आठवड्याच्या मध्ये एक सकाळ वीस-पंचवीस मिनिटं फक्त लंज मागा, रिकीब न घेता. ट्रॉटची काही पावलं बसायचं, कंबर आवळायला लागली की लगेच वॉकवर, म्हणजे साध्या चालीवर, यायचं, श्वास सोडायचा, परत ट्रॉट. दमून ताठ बसण्याची सवय अंगात मुरू देऊ नका. दोन महिन्यांनी बाजूने काढलेला व्हिडिओ आत्ताच्या व्हिडिओशेजारी लावून बघा आणि इथे टाका. घोडा कोणता आहे, त्याचं वय काय, खोगीर तुमच्या मापाचं आहे का, तेही लिहा. खोगिराची बैठक लहान किंवा पुढे झुकलेली असेल तर निम्मी अडचण तिथेच असू शकते.