मेद्वेद: मध जाणणारा की मध खाणारा?

प्रश्न असा आहे: रशियनमध्ये अस्वलाला ‘मेद्वेद’ म्हणतात. यातला ‘मेद’ म्हणजे आपला मधु आणि ‘वेद’ हा विद् धातूचा, म्हणून अर्थ ‘मध जाणणारा’. हे बरोबर का?

मधु बरोबर, वेद नाही. पण चूक मोठी मोहक आहे. रशियन लोकही ती करत आले आहेत, कारण त्यांच्याकडेही ‘वेदात्’ म्हणजे जाणणे, आणि तो शब्द खरोखरच आपल्या विद् चा भाऊबंद आहे.

खरी फोड शाळेत संधी शिकलेल्याला चटकन कळेल. वंशज शब्द ताडून अभ्यासकांनी आद्य स्लाव्हिकसाठी (रशियन, पोलिश वगैरे स्लाव्हिक भाषांची पूर्वज भाषा) *मेद्वेदि असं रूप बांधलं आहे. त्यात ‘मेदु’ आणि ‘एद’ आहेत. एद म्हणजे खाणे, संस्कृत अद्. आपलं ‘अन्न’ याच धातूचं. मनु + अंतर = मन्वंतर होताना उ चा व् होतो ना, तोच हा व्. तो मधाचा आहे, वेदाचा नाही. पुढे सुट्या शब्दातला शेवटचा उ गळून ‘म्योद’ उरला, समासातला व् एकटा पडला आणि लोकांनी तो पुढच्या ‘एद’ला चिकटवला. पुढच्या काळात घडलेल्या ‘मेदोयेद’ (हनी बॅजर) या शब्दात अर्थ तोच, पण व् नाही.

युक्रेनियनमध्ये अक्षरांची अदलाबदल होऊन ‘वेद्मिद’ झालं, पोलिशमध्ये म चा न झाला. हंगेरियन स्लाव्हिक नाही, तरी तिथे ‘मेद्वे’ उसना गेला. बल्गेरियनमध्ये मात्र रोजचा शब्द ‘मेच्का’.

अस्वलाचं मूळ नाव संस्कृतात ऋक्ष, ग्रीकमध्ये आर्क्तोस, लॅटिनमध्ये उर्सुस. हिंदीतला रीछ त्याच घरचा. स्लाव्हिकमध्ये ते उरलंच नाही. नाव घेतलं तर जनावर समोर येईल, या भीतीने ते टाळलं गेलं असं मानतात. मला हे पटतं. माझी आजी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसे, ‘लांबडं’ म्हणायची, तेही आवाज खाली आणून.

आणि हाच समास संस्कृतातही आहे! कठोपनिषदात ‘य इमं मध्वदं वेद’ असं येतं. तिथे अस्वल नाही, मध चाखणारा जीवात्मा आहे. पण मध्वद आणि वेद शेजारी उभे आहेत, दोन वेगळे शब्द म्हणून.