‘मसुदा मंजूर’ म्हणजे नेमकं काय मंजूर?

लातूरच्या एका अनुवादिकेचा प्रश्न आहे. छोट्या प्रकाशकासाठी पुस्तकागणिक काम करतात. करारात वाक्य आहे: ‘मसुदा मंजूर झाल्यावर मानधनाचा उर्वरित हप्ता दिला जाईल.’ मसुदा म्हणजे त्यांचा अनुवाद की कराराचाच कागद? आणि मानधन बरोबर की मोबदला?

अनुवादच म्हणायचा असणार, पण शब्द चुकलाय. हल्ली जो तो हस्तलिखिताला मसुदा म्हणतो. ‘लेखकाने मसुदा प्रकाशकाकडे सुपूर्द केला’ हे वाक्य तर प्रत्येक प्रकाशनसमारंभात ऐकू येतं. अहो, मसुदा सुपूर्द करायचा नसतो, खोडायचा असतो!

अरबीत ‘सवाद’ म्हणजे काळेपणा आणि ‘मुसव्वदा’ म्हणजे काळा केलेला, खाडाखोडीनं काळवंडलेला कागद. त्याचा जोडीदार ‘मुबय्यजा’, पांढरा केलेला, म्हणजे स्वच्छ उतरवलेली प्रत. माझे आजोबा निजामाच्या राजवटीत परभणीला कारकून होते. कागद उभा दुमडायचा, उजव्या अर्ध्यात उर्दू मजकूर, डावा अर्धा साहेबाच्या दुरुस्त्यांसाठी कोरा. तो कागद काळा होऊन परत आला की मगच साफ प्रत. मराठीनं यातला काळा भाऊ ठेवून घेतला आणि पांढऱ्याला विसरली, असं सगळे म्हणतात.

मला ते पटत नाही. पांढरा भाऊ आपल्याकडेच आहे, फक्त नाव बदलून: बाड! समर्थ संप्रदायातली हस्तलिखित बाडं ऐकून माहीत असतील. समर्थ तर आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. अरबी ‘बयाद’ म्हणजे पांढरेपणा, उर्दूत त्याचंच ‘बयाज’ झालं, अर्थ कविता उतरवून घ्यायची वही. उतरवून घेतलेल्या मजकुराची वही म्हणजेच बाड. अर्थ जुळतो, उच्चारही जुळतो. माझे एक व्यासंगी मित्र बाडाचं नातं ‘बाडबिस्तऱ्या’शी लावतात. लावोत. वही आणि वळकटी यांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी वाद काय घालायचा? भाषाशुद्धीवाले मसुद्याला ‘प्रारूप’ सुचवतात, तो शब्द मतदार यादीलाच शोभतो.

तर, करार. ‘मसुदा’ खोडून ‘अनुवादाची अंतिम प्रत’ लिहून घ्या, नाहीतर तिसऱ्यांदा दुरुस्त केलेली प्रतही ‘अजून मसुदाच आहे’ म्हणून पडून राहील. ‘मंजूर’ही काढा. तो ‘नजर’मधला, मूळ अर्थ नुसताच ‘पाहिलेला’. मूळ अर्थानं वाचलं तर प्रकाशकानं काळा कागद पाहिला की पैसे द्यायला हवेत, पण हा युक्तिवाद त्याच्यापुढे टिकणार नाही. ‘प्रत मिळाल्यापासून 30 दिवसांत’ असं सरळ लिहा. हक्क देणार असाल तर मुदतही लिहा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात. म्हणजे पांढऱ्यावर काळं केल्याशिवाय तिथेही चालत नाही.

मानधनाचं राहिलंच. मोबदला लिहा. तुम्ही व्याख्यानाला बोलावलेल्या पाहुण्या नाही.