ओरॅकल डेटाबेसच्या एसक्यूएल-प्लस या कमांड-लाइन टूलमध्ये क्वेरीचं आउटपुट नीट कसं दिसेल? की सरळ एक्सेलमध्ये घेतलेलं बरं?

ओळी तुटतात आणि हेडिंग सारखं मध्ये येतं, कारण लाइनसाइझ (एका ओळीतली अक्षरं) मुळात ८० आणि पेजसाइझ (एका पानातल्या ओळी) १४ असते. 'सेट लाइनसाइझ २००', 'सेट पेजसाइझ ५००' द्या. तरी एखादा कॉलम अख्खी ओळ खात असेल तर 'कॉलम नाव फॉरमॅट ए३०', म्हणजे 'नाव' या कॉलमला तीस अक्षरांची रुंदी. एसक्यूएल-प्लस आतली नावं किती लांब आहेत ते पाहत नाही, टेबल बनवताना दिलेली रुंदी पाहतं.

पण एक्सेलचं वाचलं म्हणून लिहायला बसलो. मी एका सहकारी बँकेच्या डेटा सेंटरला होतो. खाते क्रमांक सोळा आकडी आणि टेबलात नंबर म्हणून ठेवलेले. नमविड्थ (आकड्यांच्या कॉलमची रुंदी) १० असल्यामुळे स्क्रीनवर १.२३४६ई+१५ असं दिसायचं, ओळीनं कितीतरी खाती अगदी सारखी. मी त्या कॉलमला सोळा वेळा ९ लिहून फॉरमॅट दिला आणि यादी स्पूल केली, म्हणजे फाइलमध्ये उतरवली. साहेब म्हणाले, "हे नटवणं सोड, सीएसव्ही दे, एक्सेल बघून घेईल." (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामानं कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल.) मी तिथंच सांगितलं, एक्सेल पंधरा आकड्यांपुढचं धरून ठेवत नाही. यादी तरी एक्सेलमधूनच शाखांना गेली. प्रत्येक खात्याचा शेवटचा आकडा शून्य! सकाळी शाखांचे फोन सुरू: "हे खातं आमच्याकडे नाहीच." शेवटी माझी स्पूल फाइल पाठवली तेव्हा काम पुढं सरकलं. साहेबांनी मात्र मीटिंगमध्ये 'एक्सेलचा बग' म्हणून विषय मिटवला.

तो बग नव्हता. पंधरा आकड्यांची मर्यादा मायक्रोसॉफ्टनं स्वतः लिहून ठेवली आहे. फॉरमॅट म्हणजे सजावट नव्हे, समोरच्याला खरा आकडा दिसणं आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो. आणि खाते क्रमांकांची बेरीज कोण करतं? तो व्हारकॅर२ मध्येच, म्हणजे टेक्स्टच्या कॉलममध्येच हवा. नंबरमध्ये ठेवणाऱ्यानं बँकेचं डिझाइन करू नये.

हां, आउटपुट दुसऱ्या प्रोग्रामला द्यायचं असेल तर सीएसव्हीच बरोबर, ओरॅकल १२.२ पासून 'सेट मार्कअप सीएसव्ही ऑन' आहे. फक्त ती फाइल डबल-क्लिक करून उघडू नका, इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. वरच्या सेटिंग लॉगिन.एसक्यूएल या, एसक्यूएल-प्लस सुरू होताना वाचतं त्या फाइलमध्ये टाकल्या की रोज द्याव्या लागत नाहीत. लिनक्सवर १२.२ पासून ती फाइल चालू फोल्डरमधून वाचली जात नाही, ओरॅकल_पाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिची जागा द्यावी लागते.