आधी रजेचे दिवस वजा करा

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे. बांधाच्या भांडणात खून झाला, त्यात चुलत्यांबरोबर त्यांनाही जन्मठेप लागली. कोयता चुलत्यांनी चालवला, वडिलांनी मयताला धरलं होतं. जानेवारी २०१० ला अटक, २०१२ ला निकाल. सध्या कळंब्याला, कोल्हापूरच्या जेलमध्ये आहेत. वय बघून पॅरोलवर कायमचं सोडतील का? – वाचक, तासगाव

उत्तर: पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, संपली की जेलच्या दारात हजर व्हायचं. १९५९ च्या नियमांत तिची कारणं ठरलेली आहेत: घरच्यांचं गंभीर आजारपण, पूर, आग. ‘वय झालं’ हे त्यात बसत नाही. तुम्हाला हवी आहे मुदतपूर्व सुटका. ती राज्य सरकार देतं.

कलम ३०२ (खून) सह ३४ (सगळ्यांचा एकच इरादा) लागलं असेल, तर कायद्याच्या लेखी धरणारा आणि मारणारा सारखाच. त्यामुळे प्रत्यक्ष १४ वर्षं भोगल्याशिवाय सुटका नाही. बहुतेक घरांचं गणित इथंच चुकतं. कच्ची कैद, म्हणजे निकालाआधीची कोठडी, या १४ वर्षांत धरली जाते, अभिवचन रजा नाही. कोविडमधली रजासुद्धा नाही. त्या काळात वडील दोन वर्षं घरी असतील, तर ती सरळ वजा करा. रजेवर गेल्याच्या आणि हजर झाल्याच्या तारखांचा तक्ता जेलमधून मागून घ्या. उशिरा हजर झाल्याची नोंद असेल तर माफीचे, म्हणजे शिक्षेत मिळालेल्या सुटीचे, दिवस कापले गेलेले असू शकतात.

१४ वर्षं हा नुसता उंबरठा. पुढची वर्षं १५ मार्च २०१० च्या शासनाच्या सूचनांमधल्या प्रवर्गावर ठरतात. इथं मात्र ‘धरलं होतं’ कामाला येतं. निकालपत्रातला तो परिच्छेद शोधून प्रमाणित नक्कल जोडा, अर्जात परिच्छेदाचा क्रमांक लिहा. शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं मत मागवलं जातं. ते कारणांसह हवं. ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढ्या एका ओळीवर अर्ज फेटाळला, तर आव्हान देता येतं.

वय एकटं पुरत नाही. पुन्हा गुन्हा करायची ताकद उरली आहे का, हे पाहिलं जातं; म्हणून जेलच्या डॉक्टरांचा दाखला हवा, त्यात दिसणं, चालणं, काठी सगळं यावं.

खरी अडचण पोलीस अहवालाची. मयताचं घर बांधाला लागून असेल तर ‘गावात तणाव होईल’ असं येणारच, आणि त्या घरची भीती खोटीही नसते. वडील दुसऱ्या गावी लेकीकडे राहणार असतील, तर तिचं प्रतिज्ञापत्र जोडा आणि तिथल्या ठाण्याचाही अहवाल मागवावा असं अर्जातच लिहा.

नकार आलाच तर मुंबई गाठायला नको. सांगली जिल्ह्याच्या याचिका ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतात.